कोरियातली मातृपितृभक्ती: घरातलं कर्तव्य, सरकारची सोय

दक्षिण कोरियात आज पन्नाशीला आलेला माणूस म्हाताऱ्या आईवडिलांचं करतो, मुलांच्या शिक्षणाचा खर्च उचलतो आणि आपल्या म्हातारपणी मुलं बघतील ही आशा मात्र फारशी धरत नाही. ‘संस्कार बदलले’ एवढं म्हणून या ओढाताणीचा विषय संपवणं अन्यायाचं आहे. तिथे आईबापांची सेवा ही घरातली माया होतीच, पण राज्यकर्त्यांनी ती शतकानुशतकं घडवलीही.

१४२८ मध्ये जिंजूत एका मुलाने बापाला ठार मारल्याची खबर राजा सेजोंगपर्यंत पोचली. त्यातून आदर्श मुलं, निष्ठावान सेवक आणि पतिव्रता यांच्या कथांचं ‘सामगांग हेंगसिलदो’ हे पुस्तक १४३४ मध्ये तयार झालं. निरक्षरांनाही कळावं म्हणून त्यात चित्रं होती. पुढे सेजोंगच्याच जोसन घराण्याच्या राजवटीत पितरांचं श्राद्ध, म्हणजे ‘जेसा’, आणि घराचा वारसा थोरल्या मुलाकडे एकवटत गेला. मान त्याचा, रांधणं, वाढणं, आजारपणं काढणं सुनेकडे. कुटुंबप्रमुखाला कायद्याने खास स्थान देणारी ‘होजू’ पद्धत तर २००८ मध्ये रद्द झाली.

मधल्या, कारखाने वाढण्याच्या काळात खेडी ओस पडून तरुण राजधानी सोलला गेले. राष्ट्रीय पेन्शन १९८८ मध्ये आली, शहरी स्वयंरोजगारांपर्यंत पोचायला १९९९ उजाडलं. ज्यांच्या कष्टांवर कारखाने उभे राहिले, त्यांच्यातल्या अनेकांची पुंजी मुलांच्या शिक्षणात गेली होती आणि पेन्शन नव्हती किंवा तुटपुंजी होती. वृद्धांच्या गरिबीत कोरिया श्रीमंत देशांत वरच्या क्रमांकावर राहिला, त्यामागे हे मोठं कारण आहे.

तरीही २००० पासूनच्या गरिबांसाठीच्या मदत योजनेत एक अट होती: कमावतं मूल असेल तर मदत नाकारली जाऊ शकत असे. वर्षानुवर्षं संबंध तुटलेला मुलगाही कागदावर आधारच धरला जाई. मला यातली सर्वांत क्रूर गोष्ट ही वाटते की, हात पसरायचा तर आधी म्हाताऱ्या आईला ‘माझा मुलगा मला बघत नाही’ हे कचेरीत सिद्ध करावं लागे. निर्वाह भत्त्यापुरती ही अट २०२१ च्या ऑक्टोबरात निघाली, तीही खूप श्रीमंत मुलं असलेल्यांना वगळून. वैद्यकीय मदतीत ती तेव्हाही राहिलीच.

दरम्यान नात्यांचे करारही होऊ लागले. आईवडिलांना नीट सांभाळीन असं लिहून देऊन घर घेतलेल्या आणि शब्द न पाळलेल्या मुलाला ते घर परत करावं लागेल, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या डिसेंबरात दिला.