१५० अँपिअर-तासांची बॅटरी ९ तास का चालत नाही?

पावसाळ्यात गोव्यातल्या सत्तरी किंवा काणकोण तालुक्यात माडाची झावळी तारांवर पडली की वीज जाते आणि इन्व्हर्टर किती वेळ चालेल याचा हिशेब घरोघरी मांडला जातो. बॅटरी १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तास. गुणाकार १,८०० वॉट-तास. दोन पंखे, चार एलईडी दिवे आणि राउटर मिळून २०० वॉट, म्हणजे ९ तास. प्रत्यक्षात साडेपाच तासांतच इन्व्हर्टर कोकलू लागतो, आणि शिव्या बॅटरीला बसतात.

अँपिअर-तास हे विद्युतभाराचं माप आहे, ऊर्जेचं नव्हे. १ अँपिअर म्हणजे सेकंदाला १ कूलोम, म्हणून १५० अँपिअर-तास म्हणजे ५,४०,००० कूलोम. त्यातला प्रत्येक कूलोम किती जूल ऊर्जा देणार ते व्होल्ट सांगतो. १२ने गुणलं की ६४,८०,००० जूल. वीजबिलावरचं १ युनिट ३६ लाख जूलचं असतं. म्हणजे दोघांनी उचलावी लागणाऱ्या त्या धुडात जेमतेम १.८ युनिट मावतात.

त्यातलंही सगळं हाती लागत नाही. इन्व्हर्टरची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर २०० वॉटसाठी बॅटरीतून २५० वॉट काढावे लागतात, म्हणजे जवळपास २१ अँपिअर. बॅटरीवर छापलेले १५० मात्र बहुधा ‘सी-२०’ रीतीचे, म्हणजे साडेसात अँपिअरने २० तासांत मोजलेले असतात. प्रवाह तिप्पट झाला की बॅटरीतल्या शिशाच्या प्लेटींच्या छिद्रांत ताजं आम्ल तेवढ्या वेगाने पोचत नाही आणि १५०चे १२० च्या आसपास हाती येतात. १२० भागिले २१: पावणेसहा तास, तेही बॅटरी नवी असताना.

वायरीचा वाटा वेगळाच. बॅटरी इन्व्हर्टरपासून ३ मीटरवर असेल तर प्रवाहाला जाऊन-येऊन ६ मीटर तांबं लागतं. ६ चौरस मिलिमीटरच्या वायरीत त्याचा रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, सुमारे ०.०१७५ ओहम. २१ अँपिअरला ०.३७ व्होल्ट गळतात, ते खपून जातं. पण हुमणाच्या, म्हणजे माशांच्या कालवणाच्या, वाटणासाठी कुणी ५०० वॉटचा मिक्सर लावला की प्रवाह ५२ अँपिअरवर जातो आणि नुसत्या वायरीत ०.९ व्होल्ट, म्हणजे ४७ वॉट, उष्णता होऊन जातात. बॅटरी अर्धी भरलेली असतानाच इन्व्हर्टरला व्होल्टेज कमी दिसतं आणि तो बंद पडतो. वायर १६ चौरस मिलिमीटरची घेतली तर हीच घट ०.३४ व्होल्टवर येते. खरं तर वायर आखूड ठेवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

किनारपट्टीच्या खाऱ्या, दमट हवेत टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर लवकर चढतो. तिथे रोध ०.०२ ओहम जरी वाढला तरी मिक्सरच्या वेळी आणखी १ व्होल्ट जातो आणि क्लॅम्प हाताला चटका देतो. तपासायचं असं: पंखे-दिवे चालू ठेवून मल्टिमीटर डीसी व्होल्टवर लावा, एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर, दुसरं क्लॅम्पवर. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर जोड खराब आहे. इन्व्हर्टर बंद करून आधी ऋण, मग धन क्लॅम्प काढा. खायचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने ब्रशने घासा, कोरडं करा, घट्ट आवळा, वरून व्हॅसलीन लावा. सोड्याचं पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाता कामा नये, नाहीतर आम्लच मरतं.

वीज परत आल्यावर उलटा हिशेब सुरू होतो. १०० अँपिअर-तास वापरले तर ११० ते ११५ परत भरावे लागतात, तेही १४ व्होल्टच्या आसपास. चार्जरचा तोटा धरून मीटरवर सुमारे २ युनिट पडतात. घराला मिळालेलं असतं १ युनिटहून थोडं कमीच. १५ अँपिअरच्या चार्जरला यासाठी आठ-नऊ तास हवेत, कारण शेवटी प्रवाह मंदावतो. दुपारी आलेली वीज संध्याकाळी पुन्हा गेली, तर भागाकार १२०चा नव्हे, मधल्या वेळेत भरलं तेवढ्याचाच करायचा.