रोलांचं रणशिंग आणि कानांवर पडणारी लढाई

१५ ऑगस्ट ७७८ रोजी स्पेनची मोहीम आटोपून परतणाऱ्या फ्रँक राजा शार्लमेनच्या सैन्याची पिछाडी फ्रान्स-स्पेनमधल्या पिरेनीज डोंगरात कापली गेली. हल्ला तिथल्याच बास्क लोकांचा होता. शार्लमेनचा चरित्रकार एनहार्ड पुढच्या शतकात हे मोजक्या ओळींत सांगतो: चिंचोळी वाट, गर्द झाडी, जड शस्त्रांमुळे झालेली कोंडी आणि रात्रीच्या आडोशाने पांगलेले हल्लेखोर. मृतांमध्ये ब्रिटनीच्या सरहद्दीचा अधिकारी रोलां याचं नाव येतं, बस्स.

११०० च्या आसपास जुन्या फ्रेंचमध्ये 'रोलांचं गीत' आकाराला आलं, तोवर बास्क गायब होऊन त्यांच्या जागी मुस्लिम फौजा आल्या होत्या. काळ मुस्लिमांविरुद्धच्या पहिल्या ख्रिस्ती धर्मयुद्धाचा होता, त्यामुळे हा बदल निरागस मानता येत नाही.

सुमारे ४,००० ओळींचं हे काव्य लोकांपुढे म्हटलं जाई. इंग्लंडमधल्या १०६६ च्या हेस्टिंग्जच्या लढाईआधी नॉर्मन सैन्यापुढे रोलांचं गाणं गायलं गेलं, असं बाराव्या शतकातला इतिहासकार विल्यम ऑफ माम्सबरी लिहितो. ऐन प्रसंगात शाहीर जशी तीच ओळ पुन्हा घेतो, तसा हा कवीही महत्त्वाचा क्षण दोन-तीन कडव्यांत फिरून सांगतो. रणशिंगाचा प्रसंग त्यातलाच. मदतीसाठी हस्तिदंती शिंग फुंकायला रोलां आधी नकार देतो. शेवटी फुंकतो, तेव्हा इतका जोर लावतो की तोंडातून रक्त उसळतं आणि कानशिलं फुटतात. तो आवाज डोंगरांतून घुमत शार्लमेनपर्यंत पोहोचतो. रोलांचा दगाबाज सावत्र बाप गानलाँ म्हणतो, काही नाही, रोलां एका सशासाठीसुद्धा दिवसभर शिंग वाजवत बसतो! राजाला मात्र त्या स्वरातली धाप ओळखू येते. इथे शत्रूची तलवार रोलांला लागलेलीच नाही. जीव घेतो तो स्वतःचाच श्वास.

रोलांचा जिवलग मित्र ऑलिव्हिए याचा मृत्यू मला त्याहून हलवतो. वर्मी घाव लागल्यावर इतकं रक्त वाहतं की त्याचे डोळे अंधुक होतात आणि समोर आलेल्या रोलांवरच तो वार करतो. शिरस्त्राण चिरतं, डोकं वाचतं. हे जाणूनबुजून केलंस का, असं रोलां हळुवारपणे विचारतो. तुझं बोलणं ऐकू येतंय, पण तू दिसत नाहीस, असं उत्तर येतं. पुढे त्याची दृष्टी आणि ऐकणं दोन्ही जातात, हे कवी स्पष्ट शब्दांत सांगतो. मरण म्हणजे एकेक इंद्रिय मिटत जाणं, हे इतक्या जवळून दाखवणारा प्रसंग त्या काळच्या युद्धकाव्यात मला दुसरा आढळलेला नाही.

चित्रकारापुढे अर्थातच आवाजाची अडचण होती. फ्रान्समधल्या शार्त्रच्या कॅथीड्रलमध्ये तेराव्या शतकातली शार्लमेनची रंगीत काचेची खिडकी आहे. तिथे एकाच चौकटीत रोलां दोनदा दिसतो: एकदा खडकावर तलवार आपटताना, एकदा शिंग फुंकताना.

काव्यातल्या शत्रूंच्या वाट्याला हे बारकावे फारसे येत नाहीत. रोलांच्या एका घावात स्वार, खोगीर आणि घोडा उभे चिरले जातात आणि कवी लगेच पुढच्या वाराकडे वळतो. फ्रँक वीर मात्र ऐकतात, त्यांना दिसेनासं होतं, ते एकमेकांना हाका मारतात. ज्यांनी ७७८ मध्ये खरोखर हल्ला केला, त्या बास्कांचा तर आवाजही काव्यात उरलेला नाही.