मिशन ऑफ बर्मा

अमेरिकेतील बॉस्टन शहरात १९७९ साली स्थापन झालेला रॉक बँड. पुढे ऑल्टरनेटिव्ह रॉक, म्हणजे लोकप्रिय मुख्य प्रवाहापेक्षा वेगळे रॉक, या नावाने ओळखल्या गेलेल्या संगीताची पायवाट ज्यांनी पाडली, त्यांत याचे स्थान फार वरचे आहे. पण पायवाटेचा रस्ता झाला तेव्हा हा बँड अस्तित्वातच नव्हता. नावाचा ब्रह्मदेशाशी संबंध एवढाच, की बासवादक क्लिंट कॉन्ली यांना न्यूयॉर्कमधल्या एका इमारतीवर त्या देशाच्या राजनैतिक कार्यालयाची पाटी दिसली आणि तिच्यावरचे शब्द त्यांच्या डोक्यात बसले.

कॉन्ली आणि गिटारवादक रॉजर मिलर हे आधी ‘मूव्हिंग पार्ट्स’ या बँडमध्ये एकत्र वाजवत. तो मोडल्यावर ड्रमवादक पीटर प्रेस्कॉट त्यांना येऊन मिळाले. तिघेही गाणी रचत आणि गातही. कॉन्लींच्या चाली लगेच ओठांवर येणाऱ्या, तर मिलर यांच्या गाण्यांत ताल आणि सुरावट कुठे वळेल याचा अंदाज लागत नाही. हे दोन स्वभाव एकाच ध्वनिमुद्रिकेत शेजारी नांदतात, हे या बँडचे पहिले वैशिष्ट्य.

दुसरे वैशिष्ट्य मंचावर दिसतच नसे. चौथे सदस्य मार्टिन स्वोप श्रोत्यांच्या बाजूला, ध्वनिमिश्रणाच्या टेबलाशी बसत. समोर चाललेल्या वादनातला एखादा तुकडा, कधी गिटारचा, कधी गायकाचा आवाज, ते टेपवर मुद्रित करून घेत. मग त्याची गती बदलून किंवा तो उलटा फिरवून त्याच गाण्यात स्पीकरमधून परत सोडत. काही क्षणांपूर्वीचाच आवाज ओळखू न येण्याजोगा होऊन परतायचा. मंचावर तर तिघेच! हा आवाज काढतंय कोण, हे पुष्कळ श्रोत्यांना उमगत नसे. तयार ध्वनितुकडे वापरण्याचे तंत्र रॉकमध्ये रुळण्याच्या कितीतरी आधी हे सारे टेपच्या रिळांवर, हाताने आणि त्या त्या क्षणी चालत असे.

‘एस ऑफ हार्ट्स’ या बॉस्टनच्याच छोट्या कंपनीने त्यांच्या ध्वनिमुद्रिका काढल्या. १९८० मध्ये ‘अकॅडमी फाइट साँग’ हे गाणे आले, १९८१ मध्ये ‘सिग्नल्स, कॉल्स अँड मार्चेस’ ही ईपी, म्हणजे अल्बमपेक्षा छोटी ध्वनिमुद्रिका, आणि १९८२ मध्ये ‘व्हर्सेस’ हा अल्बम. निर्माते रिक हार्ट यांनी ईपीवर गिटारचे थर फार निगुतीने रचले आहेत, तर ‘व्हर्सेस’मध्ये मैफलीतला खडबडीतपणा तसाच राहू दिला आहे. नव्या श्रोत्याने ईपीपासून सुरुवात करावी. मात्र बँडचा खरा जीव ‘व्हर्सेस’मध्ये आहे.

त्यांची उपेक्षा झाली ती बरीचशी वेळेमुळे. महाविद्यालयीन रेडिओ केंद्रे, छोट्या कंपन्या, दौऱ्यांवर जागा देणारे क्लब यांचे जाळे अमेरिकेत नुकते कुठे विणले जात होते. पुढच्या काही वर्षांत आर.ई.एम., हुस्कर डू या बँडांना त्याचा आधार मिळाला. बॉस्टनबाहेर मात्र या चौघांना कित्येकदा मोजक्याच श्रोत्यांपुढे वाजवावे लागले.

त्यात मिलर यांच्या कानांनी दगा दिला. बँडचा आवाज प्रचंड मोठा असे आणि मिलर यांना कर्णनाद जडला, म्हणजे बाहेर शांतता असतानाही कानात अखंड सूर वाजत राहण्याचा विकार. कानात बोळे आणि त्यावर बंदुकीच्या सरावात घालतात तसली कर्णरक्षके, असे ते मंचावर उभे राहू लागले. अखेर १९८३ मध्ये निरोपाचा दौरा करून बँड थांबला. ज्या आवाजासाठी सगळा खटाटोप होता, तोच पुढे सोसवेना. त्या दौऱ्यातले ध्वनिमुद्रण १९८५ मध्ये ‘द हॉरिबल ट्रुथ अबाउट बर्मा’ या नावाने निघाले.

पुढे प्रेस्कॉट यांनी ‘व्होल्कॅनो सन्स’ हा बँड काढला. मिलर आणि स्वोप ‘बर्डसाँग्ज ऑफ द मेसोझोइक’मध्ये वाजवू लागले, तिथे मिलर यांच्या हाती गिटारऐवजी पियानो आला. कॉन्ली दूरचित्रवाणीवर निर्माते झाले. दरम्यान आर.ई.एम.ने ‘अकॅडमी फाइट साँग’ मैफलींत गायले आणि १९९६ मध्ये संगीतकार मोबी यांनी कॉन्लींचे ‘दॅट्स व्हेन आय रीच फॉर माय रिव्हॉल्व्हर’ नव्याने मुद्रित केले. २००१ मध्ये संगीत-पत्रकार मायकेल अझेराड यांनी अमेरिकेतल्या स्वतंत्र बँडांवरील पुस्तकात या बँडला स्वतंत्र प्रकरण दिले.

२००२ मध्ये बँड पुन्हा उभा राहिला. टेपच्या टेबलाशी आता स्वोप यांच्या जागी बॉब वेस्टन होते. मिलर यांचे कान जपण्यासाठी ड्रमपुढे पारदर्शक प्लास्टिकचा पडदा उभारला जाई. ‘ऑनऑफऑन’ (२००४), ‘द ऑब्लिटराटी’ (२००६), ‘द साउंड द स्पीड द लाइट’ (२००९) आणि ‘अनसाउंड’ (२०१२) हे चार अल्बम या दुसऱ्या पर्वातले. जुन्या बँडांच्या पुनर्भेटी बहुधा जुनीच गाणी घोळवण्यासाठी असतात. इथे पहिल्या पर्वात पूर्ण लांबीचा एकच स्टुडिओ अल्बम झाला होता. वीस वर्षांच्या खंडानंतर चार झाले, आणि ‘द ऑब्लिटराटी’ तर ‘व्हर्सेस’च्या शेजारी निःशंकपणे ठेवावा असा आहे. २०२० मध्ये हे दुसरे पर्वही संपले.