तुरुंगातली कावीळ: एका शब्दाचा घोळ

बेळगावच्या हिंडलगा कारागृहात आलेल्या मराठी माणसाला विचारतात, 'कावीळ झाली होती का?' कन्नडमध्ये विचारले तर शब्द 'कामाले'. दोन्हींचा अर्थ अंग पिवळे पडणे एवढाच. आजार कोणता, हे त्यातून कळत नाही.

टाकीच्या पाण्यात मैला मिसळला की हेपटायटिस (विषाणूमुळे यकृताला येणारी सूज) ए किंवा ई पसरतो. एकाच बराकीतली बरीच माणसे आजारी पडतात, डोळे पिवळे होतात, बहुतेक जण काही आठवड्यांत बरे होतात. हेपटायटिस बी आणि सी रक्तातून जातात आणि बहुतेकदा वर्षानुवर्षे डोळे पांढरेच ठेवतात. त्यामुळे 'नाही' म्हणणाराही संसर्ग घेऊन आत येऊ शकतो. उलट, गावी माळ घालून कावीळ 'उतरवलेला' माणूस बी गेला असे समजून चालतो. म्हणून विचारपूस करून निवडक माणसांची तपासणी करणे चूक आहे; दाखल होणाऱ्या प्रत्येकाची, त्याच्या संमतीने, व्हायला हवी.

१९५६ साली बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूरकडे गेले, तेव्हा बी-सीचे विषाणू कुणालाच सापडलेले नव्हते. काचेची सिरिंज उकळून पुन्हा वापरण्याचे ते दिवस. सीचा विषाणू सापडला १९८९ साली. तोवर त्याला 'ए नाही, बी नाही' असेच म्हणत. बाळांना बीची लस देशभर मिळू लागली २०११ पासून, म्हणजे आज बराकीत असलेल्यांच्या जन्मानंतर. मोठ्यांना ती ०, १ आणि ६ महिन्यांनी द्यावी लागते. सहा महिने आत न राहणाऱ्याचा शेवटचा डोस हमखास चुकतो.

न्हाव्याचे पाते बदलले तरी तीच तुरटी दहा चेहऱ्यांवर फिरते. बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही निदान सात दिवस टिकतो. दोऱ्याने बांधलेल्या सुईचे गोंदण तर आणखी धोक्याचे.

जुलै २०१८ पासून हेपटायटिसच्या सरकारी कार्यक्रमात तपासणी आणि औषध मोफत आहे. सीची पट्टी (झटपट रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आली म्हणजे विषाणू आहेच असे नाही. काहींच्या शरीराने तो आधीच घालवलेला असतो, म्हणून विषाणू रक्तात खरोखर आहे का हे पाहणारी आरएनए तपासणी लागते. विषाणू असेल आणि यकृत कडक झाले नसेल तर सोफोसबुविर ४०० आणि डॅक्लाटास्विर ६० मिलिग्रॅम या गोळ्या, रोज, १२ आठवडे. बहुतेक रुग्ण बरे होतात. पण आतले बरेच जण कच्चे कैदी. पाच आठवडे पुरे होताच जामीन झाला तर उरलेल्या ४९ दिवसांच्या गोळ्या आणि सुरुवातीची तारीख लिहिलेला कागद सुटकेच्या वेळीच हातात द्यावा लागतो. मग तो माणूस खानापूरला जावो की सीमेपलीकडे चंदगडला. शेवटच्या गोळीनंतर १२ आठवड्यांनी आरएनए पुन्हा पाहायची तारीखही त्याच कागदावर हवी.