मेंदूमृत घोषित केल्यावर घरच्यांनी ‘नाही’ म्हटलं तर? एका जुन्या पेचाची पार्श्वभूमी

नागपुरातून हृदय किंवा यकृत विमानाने बाहेरगावी गेलं की वर्धा रोडवरच्या ग्रीन कॉरिडॉरची (अवयव नेण्यासाठी मोकळ्या केलेल्या रस्त्याची) बातमी होते. ज्या घरांनी अवयवदानाला नकार दिला, त्यांच्या माणसाचं पुढे काय झालं, याची बातमी होत नाही. चार डॉक्टरांनी ‘मेंदूमृत’ असं लिहून दिलंय, नातेवाइकांनी दानाला नकार दिलाय आणि व्हेंटिलेटर सुरूच आहे. तो बंद करायचा का, कोणी करायचा, कोणत्या कायद्याने? नियमित अवयवदान होणाऱ्या प्रत्येक शहरात हा प्रश्न येतो. त्याचं मूळ मात्र तीस वर्षांपूर्वीच्या एका कायद्यात आहे.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात. कृत्रिम श्वासामुळे हृदय धडधडत राहतं, पण मेंदू पुन्हा कधीच जागा होत नाही, ही अवस्था फ्रेंच डॉक्टरांनी १९५९ मध्ये नोंदवली. डिसेंबर १९६७ मध्ये केप टाउनला पहिलं हृदय प्रत्यारोपण झालं. फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईतही तसा प्रयत्न झाला, पण रुग्ण काही तासांतच दगावला. त्याच वर्षी एका अमेरिकन विद्यापीठाच्या समितीने मृत्यूचे नवे निकष मांडले. ते अवयव मिळावेत म्हणून बेतले गेले, असा आरोप तेव्हापासून होतोय आणि तो अगदीच निराधार नाही. १९७६ मध्ये ब्रिटिश डॉक्टरांनी सगळा भर मेंदूस्तंभावर, म्हणजे श्वास चालवणाऱ्या मेंदूच्या तळाच्या भागावर दिला. भारताने पुढे तीच वाट धरली.

आपल्याकडे हा विषय संसदेत आला तो किडनीच्या बाजारामुळे. ऐंशीच्या दशकात आणि नव्वदीच्या सुरुवातीला गरिबांच्या किडन्या विकत घेतल्या जात होत्या आणि ते रोखणारा केंद्रीय कायदा नव्हता. आरोग्य हा राज्यांचा विषय, म्हणून महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेशच्या विधिमंडळांनी ठराव केले आणि त्या आधारावर १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा झाला. ४ फेब्रुवारी १९९५ पासून तो लागू झाला, म्हणजे नागपूर पहिल्या दिवसापासून त्याच्या कक्षेत होतं. विक्रीवर बंदी घालायची तर अवयवांचा दुसरा मार्ग मोकळा करणं भाग होतं. म्हणून मेंदूस्तंभाच्या मृत्यूला याच कायद्यात मान्यता मिळाली.

गाठ इथेच बसली. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा मृत्यूची व्याख्या ‘जीवनाची सर्व लक्षणं कायमची नाहीशी होणं’ अशी करतो. मेंदूस्तंभाचा त्यात उल्लेख नाही. १९९४ च्या कायद्याने हेच शब्द घेतले आणि पुढे जोडलं की असं मेंदूस्तंभाच्या मृत्यूमुळे झालेलं असो वा हृदय आणि श्वास थांबल्यामुळे. मात्र ही व्याख्या ‘या कायद्यापुरती’ आहे, आणि हा कायदा प्रत्यारोपणाचा आहे. घरच्यांनी होकार दिला तर माणूस मेलेला असल्याबद्दल कायदा ठाम आहे. नकार दिला की तोच कायदा गप्प बसतो.

तपासणी तर दोन्ही घरांत सारखीच होते. गुंगीचं औषध, शरीराचं घटलेलं तापमान, विषबाधा ही कारणं आधी बाद करतात. मग प्रतिसाद मिळतो का ते बघतात: डोळ्यांच्या बाहुल्यांवर उजेड, बुबुळाला कापसाचा स्पर्श, कानात थंड पाणी, घशात नळी. शेवटी ॲप्निया टेस्ट: प्राणवायू चालू ठेवून व्हेंटिलेटर सोडवायचा, रक्तातला कार्बन डायऑक्साइड चढू द्यायचा आणि छाती स्वतःहून हलते का ते बघायचं. किमान सहा तासांनी हे सगळं पुन्हा. चौघांच्या सह्या लागतात: रुग्णालयाचे प्रमुख, पॅनेलवरचे स्वतंत्र तज्ज्ञ, मेंदूविकारतज्ज्ञ किंवा न्यूरोसर्जन, आणि उपचार करणारे डॉक्टर. मेंदूचे तज्ज्ञ मोठ्या शहरांबाहेर सहजी मिळत नाहीत, म्हणून २०११ च्या दुरुस्तीने त्यांच्या जागी सर्जन, फिजिशियन, भूलतज्ज्ञ किंवा अतिदक्षतातज्ज्ञ चालतील अशी मुभा दिली.

दान झालं तर मृत्यूची वेळ दुसऱ्या तपासणीची धरतात. दान झालं नाही तर बहुधा हृदय थांबल्याची, मग ते काही तासांनी असो वा काही दिवसांनी. एकाच माणसाचे दोन संभाव्य मृत्युदिन, आणि त्यातला कुठला खरा हे एका सहीवर ठरतं. तेरवी कधीपासून मोजायची, हा घरच्यांचा प्रश्न मग भाबडा राहत नाही. खासगी रुग्णालयात दर दिवसाचं बिल वाढतं. नागपूरच्या मेडिकलसारख्या सरकारी रुग्णालयात व्हेंटिलेटरची वाट बघणारा दुसरा रुग्ण बाहेर असू शकतो. रुग्णाचं हित, अपाय टाळणं, स्वायत्तता आणि न्याय ही वैद्यकीय नीतीची चार सूत्रं विद्यार्थ्यांना शिकवतात. पहिली तिन्ही जिवंत रुग्णासाठी आहेत. इथे खरं काम चौथ्याचं आहे आणि नेमकं तेच कोणी बोलून दाखवत नाही.

दुसरी बाजूही आहे. नकारानंतर लगेच यंत्र काढलं तर ‘दान दिलं नाही म्हणून मारलं’ ही कुजबुज पंचक्रोशीत पसरायला वेळ लागत नाही, आणि त्याची किंमत पुढच्या दहा दात्यांत मोजावी लागते. डॉक्टरांवरचे हल्ले रोखायला २०१० मध्ये राज्याला वेगळा कायदा करावा लागला, हे विसरून चालणार नाही. म्हणून बरेचसे डॉक्टर मधला रस्ता धरतात: औषधं वाढवायची नाहीत, यंत्र काढायचं नाही, हृदय आपोआप थांबेपर्यंत थांबायचं. हा सावधपणा समजण्यासारखा आहे. पण मेलेल्या माणसाची ‘स्थिती गंभीर’ असं घरच्यांना दिवसचे दिवस सांगत राहणं प्रामाणिकपणात बसत नाही.

केरळने २०२० मध्ये ही गाठ सोडवायचा प्रयत्न केला. मेंदूमृत्यूची तपासणी दानाशी न जोडता करावी आणि मृत्यू घोषित झाल्यावर व्हेंटिलेटरसारखा आधार काढता यावा, अशी मार्गदर्शक तत्त्वं तिथल्या सरकारने काढली.

मधल्या काळात इच्छामरणाचा वेगळाच प्रवाह येऊन यात मिसळला. १९७३ मध्ये मुंबईच्या एका रुग्णालयात परिचारिकेवर अत्याचार झाला. चार दशकांहून अधिक काळ ती अंथरुणाला खिळून होती. तिच्याबाबतच्या २०११ च्या निकालाने निष्क्रिय इच्छामरणाची (उपचार थांबवून मरण येऊ देण्याची) वाट किलकिली केली. तिचा मेंदूस्तंभ मृत नव्हता, हे त्या निकालातच स्पष्ट आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क आणि आगाऊ वैद्यकीय इच्छापत्र मान्य केलं. जानेवारी २०२३ मध्ये त्याची किचकट पद्धत सोपी झाली: न्यायदंडाधिकाऱ्याऐवजी नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालतो, आणि वैद्यकीय मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. हे सगळं जिवंत, पण न सुधारणाऱ्या रुग्णांसाठी.

तरीही २०२४ मध्ये केंद्राने जीवनाधार काढण्याबाबतच्या मार्गदर्शक तत्त्वांचा मसुदा प्रसिद्ध केला, तेव्हा आधार काढता येईल अशा स्थितींच्या यादीत मेंदूस्तंभाचा मृत्यूही घातला. हेतू चांगला असेल. निदान विषय कागदावर तरी आला. पण त्या वाटेने गेलं तर आधी प्रत्यारोपण कायद्याच्या चार सह्या, मग प्राथमिक वैद्यकीय मंडळाचे किमान तिघे, त्यानंतर दुय्यम वैद्यकीय मंडळाचे किमान तिघे, नातेवाइकांची संमती आणि न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवणं. चौघांनी मृत म्हणून लिहून दिलेल्या माणसाला मरू द्यावं का, हे त्यानंतर आणखी सहा जण ठरवणार.