प्रोस्टेट वाढलं म्हणजे कॅन्सर नव्हे

‘प्रोस्टेट वाढलंय, आता पुढे कॅन्सरच!’ हे पारावर वर्षानुवर्षं ऐकू येतं. साफ चूक. प्रोस्टेट म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी. तिची वयानुसार होणारी साधी वाढ मूत्रनलिकेभोवतीच्या आतल्या भागात होते. कर्करोग बहुतेकदा ग्रंथीच्या बाहेरच्या भागात सुरू होतो. एकाचं दुसऱ्यात रूपांतर होत नाही. दोन्ही एकाच वेळी असू शकतात मात्र, म्हणून लघवीची धार बारीक झाली, रात्री दोन-तीनदा उठावं लागलं, की तपासून घ्यावं. पाणी तोडू नका. झोपण्याआधीच्या दोन तासांतलं पाणी आणि संध्याकाळचा चहा तेवढा आवरा. आणि सर्दीची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको (हे फार थोड्यांना ठाऊक असतं): नाक मोकळं करणाऱ्या स्यूडोएफेड्रिनने लघवी पार अडकू शकते. तशी अडकली, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.