प्लेस्टेशन ५ ची ‘पेस्ट’ बदलण्यापूर्वी : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

होळी झाली की जळगाव, भुसावळ, चोपडा, धरणगाव या भागांतून दुरुस्तीसाठी येणाऱ्या प्लेस्टेशन ५ या गेम कन्सोलांची संख्या वाढू लागते आणि आखाजी (अक्षय्य तृतीया) उलटून गेली तरी आमचे टेबल रिकामे होत नाही. बहुतेक ग्राहकांचे म्हणणे एकच असते : ‘खेळताना गरम होऊन बंद पडतो, पेस्ट बदलून द्या.’ असे वाटणे स्वाभाविक आहे, कारण जुन्या कन्सोलमध्ये आणि लॅपटॉपमध्ये हाच उपाय आम्हीही करीत आलो आहोत. प्लेस्टेशन ५ च्या मुख्य चिपवर मात्र ती पेस्ट, म्हणजे चिपची उष्णता पुढे नेण्यासाठी लावला जाणारा लेप, मुळात नसतेच. ती आहे असे धरून चालून घरी किंवा इतरत्र उघडलेला कन्सोल हे आमच्याकडचे सर्वांत वेळखाऊ आणि ग्राहकाला सर्वांत महाग पडणारे काम ठरले आहे. म्हणून हे पत्रक.

आत काय आहे

७ ऑक्टोबर २०२० रोजी, म्हणजे विक्री सुरू होण्याच्या महिनाभर आधी, सोनीने हा कन्सोल स्वतःच उघडून दाखवणारी चित्रफीत प्रसिद्ध केली होती. ती सवडीने पाहावी, कारण यंत्र एवढे अवाढव्य का, याचे उत्तर तीत मिळते. पहिल्या आवृत्तीची उंची ३९० मिलिमीटर आणि डिस्क ड्राइव्हसह वजन साडेचार किलो आहे, आणि त्यातील बरीचशी जागा हीटसिंक (चिपची उष्णता शोषून हवेत सोडणारा धातूचा भाग) व पंख्याने घेतलेली आहे. पंखा १२० मिलिमीटर व्यासाचा आणि तब्बल ४५ मिलिमीटर जाडीचा असून तो दोन्ही अंगांनी हवा ओढतो. ही हवा पुढच्या फटींतून आत शिरते, हीटसिंकच्या पातळ पात्यांमधून फिरते आणि मागच्या संपूर्ण कडेने बाहेर पडते. ३५० वॅटचा पॉवर सप्लायही याच खोक्यात बसवलेला आहे.

मुख्य चिपवर प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकत्र आहेत. प्रोसेसरचे आठ कोर ३.५ गिगाहर्ट्झपर्यंत आणि ग्राफिक्स २.२३ गिगाहर्ट्झपर्यंत धावते. जड खेळ सुरू असताना पहिल्या आवृत्तीचा कन्सोल साधारण २०० वॅट वीज घेतो. त्यातला मोठा हिस्सा या एका चिपमध्ये उष्णतेच्या रूपाने निघतो, आणि चिपचे क्षेत्रफळ मात्र जेमतेम तीन चौरस सेंटिमीटर असते. एवढ्या लहान जागेतून एवढी उष्णता हीटसिंकपर्यंत पोहोचवायला साधी पेस्ट अपुरी पडते. म्हणून कंपनीने चिप आणि हीटसिंक यांच्यामध्ये द्रवरूप धातू भरला आहे. त्याच्या वापराच्या तयारीसाठी दोन वर्षांहून अधिक काळ दिल्याचे कंपनीने त्याच चित्रफितीत सांगितले आहे.

अशा कामासाठी वापरले जाणारे द्रवरूप धातू म्हणजे गॅलियमची मिश्रणे. ती नेहमीच्या तापमानालाही पाऱ्यासारखी चकाकत वाहतात आणि उष्णता पेस्टच्या कितीतरी पट वेगाने पुढे देतात. त्यांचे दोन दोष मात्र ध्यानात ठेवावे लागतात. एक तर त्यांतून वीज वाहते, त्यामुळे चुकीच्या जागी गेलेला बारीकसा थेंबही शॉर्ट करू शकतो. दुसरे म्हणजे ॲल्युमिनियमला लागल्यास गॅलियम त्यात शिरून त्याला ठिसूळ करते. याच कारणाने चिपभोवती फोमची चौकट बसवून धातूला तिच्या आत कोंडलेले असते. ही चौकट जोवर जागच्या जागी आणि अखंड आहे, तोवर धातूचा कोणालाही त्रास होत नाही.

२०२३ च्या अखेरीस आलेली आणि भारतात एप्रिल २०२४ पासून मिळू लागलेली ‘स्लिम’ आवृत्ती आकारमानाने सुमारे ३० टक्के लहान आहे. तिच्यातही धातूच आहे. त्यामुळे ‘आमचा नवीन आहे, त्याला चालेल’ असे समजू नये.

हीटसिंक उचलू नये

बाहेरची पांढरी पॅनेल काढण्यात काहीच धोका नाही. त्यांना स्क्रू नाहीत, ती थोडी उचलून सरकवली की निघतात आणि ती कशी काढावीत हे कंपनीनेच दाखवलेले आहे. अडचण त्यापुढे सुरू होते. मोबाइलवर चित्रफीत पाहत मुलगा एकेक स्क्रू काढत जातो, हीटसिंक सैल होते आणि ‘पेस्ट कुठे आहे’ हे पाहण्यासाठी ती उचलली जाते. त्याच क्षणी फोमची चौकट एका कडेने उसवते आणि धातूचा पातळ थर दोन्ही पृष्ठभागांवर तुटक तुटक वाटला जातो. पेस्ट सापडत नाही, म्हणून हीटसिंक पुन्हा तशीच दाबून बसवली जाते. बाहेरून पाहता सगळे पूर्ववत झालेले असते, आत मात्र चिपचा काही भाग कोरडा पडलेला असतो आणि चौकटीबाहेर निसटलेले थेंब शेजारच्या चिमुकल्या कपॅसिटरांच्या रांगेत जाऊन बसलेले असतात.

काही ठिकाणी याहून वाईट प्रकार झालेला आढळतो. धातू कापडाने पुसून काढतात आणि त्याजागी लॅपटॉपची पेस्ट भरतात. पुसताना तो बोर्डभर पसरतो. असा कन्सोल हिवाळ्यात चालतोही, त्यामुळे काम चांगले झाले असा ग्राहकाचा समज होतो. एप्रिल लागला की तोच कन्सोल पंख्याचा मोठा आवाज करून बंद पडू लागतो.

हे निस्तरायला आम्हाला वेळ का लागतो, असे विचारले जाते. भिंगाखाली बोर्ड धरून एकेक थेंब टिपून घ्यावा लागतो. जुनी पेस्ट व तिच्यात मिसळलेला धातू यांचा काळपट लगदा काढावा लागतो. चिपलगतच्या भागांवर विद्युतरोधक थर द्यावा लागतो, नवी चौकट बसवावी लागते आणि मगच मोजून धातू लावता येतो. घाई केली तर आम्हीच शॉर्ट करून ठेवू. या कामाला दुसरा दिवस लागतो आणि त्याचे शुल्क वेगळे असते. ‘समोर बसतो, करून द्या’ ही विनंती आम्हाला मान्य करता येत नाही, याबद्दल कोणी राग मानू नये.

एवढे करूनही बोर्डच शॉर्ट होऊन गेला असेल तर तो बदलणे हा सोपा पर्याय नाही. साठवणुकीच्या चिपा मदरबोर्डवरच सोल्डर केलेल्या असल्याने त्यातील खेळ आणि सेव्ह केलेली प्रगती बोर्डासोबत जाते. पहिल्या आवृत्तीत डिस्क ड्राइव्हचीही त्याच बोर्डाशी जोडी बांधलेली असते, त्यामुळे दुसरा बोर्ड टाकला की डिस्क चालत नाहीत. पेस्टच्या एका ट्यूबपायी एवढे ओढवून घेण्यात काही शहाणपण नाही.

मग गरम कशाने होतो ?

आमच्याकडे येणाऱ्या बहुसंख्य कन्सोलमध्ये धातू जागेवर आणि ठणठणीत असतो. दोष धूळ, जागा आणि ऊन यांचा असतो. हा कन्सोल ५ ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापरावा, असे कंपनीच्या पत्रकात नमूद आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी तो कुठे असतो, हे आपणास सांगायला नको. हीटसिंक चिपला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. डिसेंबरात २५ अंशांच्या खोलीत चालणारा कन्सोल मे महिन्यात ४२ अंशांच्या खोलीत ठेवला, तर सर्व काही सारखेच धरले तरी चिप १७ अंशांनी अधिक तापणार. म्हणून पंखा वेग वाढवतो आणि तरीही भागले नाही की कन्सोल सूचना देऊन स्वतःला बंद करतो. हा बिघाड नव्हे, यंत्राने स्वतःचा केलेला बचाव आहे.

धुळीच्या बाबतीत खान्देशची गोष्ट जरा वेगळी आहे. जिनिंगच्या परिसरातून आलेल्या कन्सोलमध्ये नुसती भुरकट धूळ नसते, तीत रुईचे तंतू गुंतलेले असतात. ते पंख्याच्या पात्यांच्या कडांना अडकतात, मग हीटसिंकच्या तोंडाशी त्यांची घट्ट पट्टी तयार होते. चिमट्याने धरली तर ती अखंड सुटून येते आणि उजेडासमोर धरली तरी आरपार दिसत नाही. अशी पट्टी असताना पंखा कितीही वेगाने फिरला तरी हवा आत जाणार कुठून ? पहिल्या आवृत्तीत पॅनेलखाली पुढच्या बाजूस धूळ साठवणारे दोन कप्पे आणि ती ओढून घेण्यासाठी छिद्रे दिलेली आहेत. तेथे घरचा व्हॅक्यूम क्लीनर हलक्या जोरावर लावावा. टायरच्या दुकानातील कॉम्प्रेसर मात्र कदापि लावू नये. त्याच्या हवेत पाणी आणि तेलाचा अंश असतो, धूळ बाहेर येण्याऐवजी आत ठासली जाते आणि हवेच्या झोतात पंखा बेफाम फिरून त्याच्या बेअरिंगची वाट लागते.

कूलरविषयीही सांगणे भाग आहे. कन्सोल तापतो म्हणून त्याच्यावर थेट कूलरचा झोत सोडणारे ग्राहक पुष्कळ आहेत. त्या झोतासोबत बारीक तुषारही येतात. आपल्या बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचे ते तुषार वाळले की पात्यांवर पांढरा थर धरतो, आणि धुळीशी मिळून तो इतका घट्ट होतो की ब्रशने निघत नाही. कूलर खोली गार करण्यासाठी जरूर चालवावा, पण कन्सोल त्याच्या झोतापासून दूर, बाजूच्या भिंतीलगत ठेवावा. काचेचे दार असलेल्या शोकेसमध्ये, किंवा धूळ बसू नये म्हणून वर विणलेला रुमाल टाकून कन्सोल चालवणे हेही बंद करावे. मागे किमान एक वीत मोकळी जागा असावी.

‘उभा ठेवला की धातू एका बाजूला ओघळतो’ असे २०२३ च्या सुरुवातीला बरेच बोलले गेले आणि आजही विचारले जाते. कंपनीने उभी आणि आडवी अशा दोन्ही मांडण्या मान्य केल्या आहेत. आमच्या टेबलावर ओघळलेला धातू दिसतो तो मुख्यतः आधी उघडलेल्या किंवा जोरात पडलेल्या कन्सोलमध्ये. तरीही मनात शंका असेल तर आडवा ठेवावा, त्यात तोटा काही नाही. एक्सबॉक्स सिरीज एक्स वापरणाऱ्यांसाठी एवढेच की त्याची हवा खालून वर जाते आणि १३० मिलिमीटरचा पंखा माथ्यावर आहे. त्यामुळे त्याच्या डोक्यावर रिमोट, चार्जर किंवा शोभेची वस्तू ठेवू नये.

आम्ही आधी काय तपासतो

तपासणी शुल्क का घेता, नुसते उघडून पाहिले की झाले, असे काही जण म्हणतात. खरे काम उघडण्याच्या आधीच होते. हा कन्सोल चिपचे तापमान वापरणाऱ्याला आकड्यांत दाखवत नाही. म्हणून जड खेळ चालू ठेवून आम्ही पुढून आत जाणाऱ्या आणि मागून बाहेर पडणाऱ्या हवेचे तापमान मोजतो, पंख्याचा वेग ऐकतो आणि हवेचा जोर पाहतो. मागची हवा कढत आहे पण मंद येत आहे, याचा अर्थ चिपची उष्णता हीटसिंकपर्यंत नीट पोहोचते आणि अडथळा धुळीचा आहे. पंखा जोरात आहे, हवा भरपूर आणि तुलनेने गार येत आहे, तरीही कन्सोल बंद पडतो, तर उष्णता हीटसिंकपर्यंत पोहोचतच नाही, असा अंदाज बांधता येतो. अशाच वेळी आम्ही हीटसिंक उचलतो. जुन्या कन्सोलमध्ये कधी कधी कोणी हात न लावताही चिपचा एखादा भाग कोरडा पडलेला सापडतो. तेव्हा त्याजागी पुन्हा धातूच लावून देतो. पेस्ट लावून द्या, स्वस्तात होईल, असा आग्रह झाला तरी ते काम आम्ही घेत नाही.

पहिला प्रकार निघाला तर काम साफसफाईचे असते, ते त्याच दिवशी होते आणि फार खर्चिकही नसते. पाडवा ते आखाजी या काळात गर्दी असते, म्हणून शक्य असल्यास माघ-फाल्गुनातच साफसफाई करून घ्यावी. त्याच वेळी एम.२ एसएसडी (खेळ साठवण्याची जादा पट्टी) वाढवायची असेल तर तीही बसवून देतो. तिच्यावर स्वतःचे हीटसिंक असणे कंपनीने आवश्यक ठरवले आहे आणि त्यासह एकूण जाडी ११.२५ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. बाजारात दिसणारे उंच, रंगीत दिव्यांचे हीटसिंक यात बसत नाही, तेव्हा खरेदीपूर्वी आम्हाला विचारावे. योग्य मापाच्या एसएसडी आमच्याकडे शिल्लक असतात.

कन्सोल वॉरंटीत असेल तर आमच्याकडे आणण्याआधी कंपनीच्या अधिकृत केंद्राशी बोलावे; त्या काळात आम्ही केवळ पॅनेलखालची धूळ काढून देऊ.

दुरुस्तीला येताना आतली डिस्क काढून घ्यावी, कारण बंद पडलेल्या कन्सोलमधून ती काढणे नंतर किचकट होते. कन्सोल किती मिनिटांनी बंद पडतो, तेव्हा कोणता खेळ चालू असतो आणि पडद्यावर कोणती सूचना येते, हे लिहून आणावे. घरी तो ठेवलेल्या जागेचा मोबाइलवर एक फोटो काढून आणला तर उत्तमच. पूर्वी कोणी उघडला असल्यास तेही स्पष्ट सांगावे. स्क्रूच्या खुणांवरून ते आम्हाला कळतेच, पण आधी सांगितले तर शोधण्यात जाणारा वेळ आणि त्याचे शुल्क दोन्ही वाचते. दुचाकीवरून आणणार असाल तर मूळ खोक्यात किंवा गादीच्या कपड्यात गुंडाळून, मागे बसणाऱ्याच्या हातात धरून आणावा. टाकीवर आडवा टाकून आणलेल्या कन्सोलची जबाबदारी पावती फाडण्यापूर्वीची असल्याने ती आम्हाला घेता येत नाही.